वाकून चालायची वाट

रेघ सरळ नव्हती.

सुगंधाने भिंग उचललं, पदराने पुसलं आणि पुन्हा त्याच जागी ठेवलं. कूलरच्या वाऱ्याने चित्राचा कोपरा फडफडत होता, त्यावर तिने टाचण्यांची डबी ठेवली. हैदराबादहून आलेलं नवं उपग्रहचित्र सकाळीच गुंडाळी सोडवून टेबलावर पसरलं होतं. काळंपांढरं, टेबलभर मोठं, आणि फोटो स्टुडिओत येतो तसला आंबूस वास अजून त्याला होता. खरं म्हणजे तिला फारसं काही पाहायचं नव्हतं. कळमगढीच्या विहिरीची जागा मागच्याच महिन्यात ठरली होती. जुन्या चित्रावर तिने स्वतः लाल पेन्सिलीने गिरवलेली रेघ या नव्या चित्रावरही दिसते का, एवढं बघायचं, सही करायची आणि चहाला उठायचं. रेघ दिसली. पण भिंगाखाली ती नाल्याच्या काठावरून निघाली, थोडी उजवीकडे गेली आणि मोडली. मग डावीकडे गेली, पुन्हा मोडली. पुन्हा उजवीकडे. असं करत करत, कुठे फिकट, कुठे गडद, ती गढीच्या पांढऱ्या डागाकडे सरकत गेली होती. सुगंधाला आधी वाटलं की चष्म्याचा नंबर वाढला. मग तिच्या लक्षात आलं की टेबलाखाली आपली पावलं हलताहेत. उजवं पाऊल जरा पुढे, चप्पल फरशीवर वळली. डावं पाऊल, पुन्हा वळली. डोळे अजून रेघेशी झगडत होते आणि पायांना मात्र पुढचं वळण आधीच ठाऊक होतं. तिने पाय घट्ट जुळवून धरले. छातीत काहीतरी धडधडायला लागलं. अडतीस वर्षांच्या बाईने, धुळ्यातल्या भूजल कार्यालयात, भर सकाळी असं धडधडून घ्यावं असं त्या कागदावर काय होतं, ते तिला सांगता आलं नसतं. पण होतं.

देवपुरात ती राहायची त्या गल्लीतली पोरं तिला नेहमी विचारायची, मावशी, तुमच्या त्या चित्रात आमचं घर दिसतं का? ती त्यांना गच्चीवर न्यायची. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेलं पाखरू दाखवायची. दिसतं ना? आता त्याचा डोळा दिसतो का? नाही. त्याची चोच? थोडी थोडी. मग समजा तुमची नजर दुप्पट तेज झाली, तर चोच नीट दिसेल, तिप्पट झाली तर डोळाही दिसेल. उपग्रहाचं तसंच आहे. आधीच्या उपग्रहाची नजर अशी होती की मोठं वावर म्हणजे त्याला चार-सहा ठिपके. आता नवा गेलाय, त्याला तुमच्या घरापुरता एक ठिपका दिसतो. पोरं म्हणायची, म्हणजे दिसतं. ती म्हणायची, ठिपका दिसतो; घर आपण ओळखायचं असतं. हे वाक्य तिला आवडायचं. आणि आज तेच वाक्य उलटून तिच्या अंगावर आलं होतं, कारण जुन्या चित्रातल्या ठिपक्यांची तिने ओळख चुकवली होती. जाड ठिपक्यांत ती सगळी वळणं एकमेकांत मिसळून गेली होती, उरली होती एक पुसट काळसर सरळ रेघ. आणि धुळ्यात सरळ रेघ दिसली की तिचा अर्थ एकच.

धुळ्याच्या शाळेतल्या पोरालाही तो अर्थ सांगता येतो. फार फार पूर्वी इथली जमीन तडकली, त्या तड्यातून आतला तापलेला रस वर आला आणि तिथेच गोठला. वरची माती वाहून गेली, रस दगड होऊन उभा राहिला. शिंदखेड्याकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून अशा काळ्या दगडाच्या भिंती माळावर लांबच लांब गेलेल्या दिसतात, कोणी राक्षसाने बांध घातल्यासारख्या. त्यांना डाइक म्हणतात. काही वर दिसतात, काही मातीखाली दडलेल्या असतात. जमिनीतलं पाणी उतारावरून येतं, अशा भिंतीला अडतं आणि साचतं. म्हणून भिंत हुडकायची आणि तिच्या वरच्या अंगाला विहीर घ्यायची. कार्यालयातल्या सगळ्यांची हयात डाइक हुडकण्यात गेली होती. त्यांना वेलीची सावली दिसली तरी ती डाइक वाटे. कळमगढीला वर दगड कुठेच नव्हता, खाली काळी माती होती, जागेवर घेतलेली मापंही इकडची ना तिकडची निघाली होती. पण रेघ होती ना. कोठारी साहेब म्हणाले, "रेघ आहे म्हणजे आहे, मॅडम. ठोका खुंटी." आणि खुंटी ठोकली गेली होती. गावाला एकच विहीर मंजूर झालेली. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की खोदकाम. कळमगढीत माणसं टँकरवर जगत होती, आणि कळमगढी हे सुगंधाच्या मामाचं गाव होतं.

तिने भिंग सोडून हाताच्या तळव्याने ते वावर झाकलं. मग हळूच एकेक बोट उचललं. नाला. नाल्याचा काठ. पहिलं वळण. प्रत्येक तुकडा जवळजवळ सारखा लांब, प्रत्येक मोड जवळजवळ सारखा. दगड असा मोडत नाही. पाणीही असं वळत नाही. पाण्याला वळायचं असलं की ते गोल वळतं. असं ठरवून वळणारा एकच प्राणी. त्या एका विचारासरशी अमळनेरच्या शाळेचं पटांगण तिच्यासमोर असं उघडलं, की समोर फायली घेऊन उभा राहिलेला शिपाई तिला दिसलाच नाही. एकाहत्तर सालची लढाई. संध्याकाळ झाली की तेलाच्या गिरणीचे दिवे मालवत, खिडक्यांना काळे कागद, आणि शाळेच्या पटांगणात खंदक खणायचं फर्मान. विमानं अमळनेरवर कशाला येतील, असं सगळे म्हणत होते आणि सगळे खणत होते. तिचे वडील त्याच शाळेत मास्तर. गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून तीही नानाच म्हणे. मोठ्या मुलांनी मजेत सरळसोट चर खणला. नाना रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. त्यांनी सगळ्यांना त्या चरात ओळीने बसवलं, स्वतः एका टोकाला उभे राहिले, धोतराच्या सोग्यातून ज्वारीचे दाणे मूठभर काढले आणि चराच्या लांबीत जोराने भिरकावले. "कोणाकोणाला लागले?" सगळ्यांचे हात वर. मग त्यांनी शेजारी चुन्याच्या फक्कीने वाकडी रेघ आखून दिली, थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. दोन दिवसांनी त्या नव्या चरात पुन्हा सगळ्यांना बसवून पुन्हा मूठभर ज्वारी. "आता कोणाकोणाला लागले?" पहिल्या दोघांचेच हात वर आले. सुगंधा तिसऱ्या वळणाला बसली होती. दाणे मातीच्या भिंतीवर आपटलेले तिने ऐकले, आणि आपण वाचलो असं तिला खरोखर वाटलं होतं. ओल्या मातीचा गार वास, गुडघ्यांत घातलेली मान, वर आभाळाची एक वाकडी पट्टी. नाना वरून डोकावून म्हणाले होते, "ज्याच्यावर गोळी येणार असते ना, बेटा, तो सरळ चालत नाही." नाना आज असते तर हा कागद घेऊन ती तशीच अमळनेरची गाडी पकडून गेली असती.

पण पाय. पायांनी वळणं ओळखली होती ती पटांगणातली नव्हेत. पटांगणातला खंदक हातभर रुंद होता आणि तिथे ती नुसती बसली होती. पाय चालले होते. कुठे? हे आठवायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. उलट इतकी वर्षं हे आठवलं कसं नाही याचंच तिला हसू आलं. आखाजी. उन्हात तापलेलं काळं वावर, पायाखाली ढेकळं, डोक्यावर लहानशी घागर, आणि पुढे बेबामामी. कळमगढीच्या बाया आखाजीला गौराईची पूजा झाली की नाल्यातल्या झिऱ्यावर घागरी भरतात आणि पलीकडच्या मोकळ्या वावरातून गढीच्या दिशेने चालतात. सरळ नाही. थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. वाटेत झाड नाही, दगड नाही, चुकवायला काही म्हणजे काही नाही, तरी सगळ्या बाया ठरल्या ठिकाणी वळतात. कोणी पोर सरळ धावली की पाठीत धपाटा. आणि शेवटी शेवटी सगळ्यांनी कंबरेत वाकायचं, घागर डोक्यावरून काढून छातीशी धरायची आणि म्हणायचं, "वाकीसन चाल व माय, बुरूज देखी राह्यना." मग शेवटच्या वळणावर पाणी जमिनीवर ओतायचं. ओतलं की खेळ संपला. परत येताना वाटेल तसं या, सरळ या, उड्या मारत या, कोणी काही बोलत नसे. तिने एकदा मामीला विचारलं होतं, कोणता बुरूज? गढीला बुरूज नव्हता. गढी म्हणजे पांढऱ्या मातीचा उंचवटा, त्यावर जिल्हा परिषदेची शाळा. बुरुजाची माती गावाने कधीच घरांच्या धाब्यांवर, छपरांवर चढवली होती. मामी म्हणाली होती, "व्हता." एवढंच.

सुगंधा उठली ती साहेबांच्या खोलीकडे गेली, आणि दारातच थबकली, कारण आता पुढची गोष्ट तिला दिसली. ही रेघ खंदकाची असेल तर ती डाइक नाही. डाइक नाही तर खुंटीखाली पाणी नाही. सांगावं तर मंजूर विहीर लटकणार, कदाचित दुसऱ्या गावाला जाणार. न सांगावं तर चाळीस फूट खोल कोरडा खड्डा मामाच्या गावाला मिळणार, तोही तिच्या लाल पेन्सिलीने. आणि तरीही, हे सगळं समोर उभं असताना, तिच्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिला स्वतःचीच शरम वाटली. घर जळताना ज्वाळा किती सुंदर दिसतात असं म्हणण्यासारखं ते होतं. पण उकळ्या थांबेनात.

कोठारी साहेबांचं सगळं घराणं कापडाच्या धंद्यात. आग्रा रोडवर दुकान. साहेब एकटेच दगडांच्या नादी लागले, आणि त्यांचे वडील जवरीलालजी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हमारा लडका पत्थर बेचता है, वो भी सरकार को." साहेबांनी चित्र पाहिलं. भिंगातून पाहिलं, भिंग काढून पाहिलं, उलटं फिरवून पाहिलं. सुगंधा बोलत राहिली. खंदक, नाना, ज्वारी, आखाजी, घागरी. आपण सगळं उलटसुलट सांगतोय हे तिला कळत होतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं," साहेब शेवटी म्हणाले, "कोणीतरी त्या गढीला वेढा घातला होता, आणि नाल्यापासून खणत खणत पुढे गेले."

"हो सर. गढीवरच्या तोफेला सरळ मारता येऊ नये म्हणून वाकडं."

"कोणी? कधी?"

"ते मला नाही माहीत."

"आणि पुरावा म्हणजे तुमच्या मामीचे पाय."

"हो सर."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, मी वीस वर्षं रेघा बघतोय. डाइकलाही फाटे फुटतात, पायऱ्या पडतात. जागा मी पास केलेली आहे. आता वर कळवू काय? की बाया आखाजीला वाकून चालतात म्हणून विहीर रद्द?" ते चिडले नव्हते. तिची गंमतही करत नव्हते. ते खरंच विचारत होते. जरा वेळाने म्हणाले, "आखाजीला मी येऊ शकत नाही. आईचं वर्षीतपाचं पारणं आहे, वर्षभर एक दिवसाआड उपास केलाय तिने, मला उसाचा रस पाजायचाय तिला. उद्या जाऊ. मामी चालतील ना उद्या? पण त्यांना चित्र दाखवायचं नाही. तुम्ही पुढे चालायचं नाही. काही सुचवायचंही नाही."

"नाही सुचवणार."

"आणि वळणं जुळली नाहीत तर खुंटी तिथेच."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सुगंधा चित्राची गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसली होती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाइकच्या काळ्या भिंती एकामागून एक मागे पडत होत्या. ड्रायव्हर निंबा वाटेत म्हणाला, "मॅडम, गुंडाळीत काय सोनं आहे का? पोर धरल्यासारखी धरलीय." ती हसली. तिला रात्रभर नीट झोप नव्हती, पण दमल्यासारखं वाटत नव्हतं. लहानपणी मामाकडे निघताना वाटायचं तसंच वाटत होतं, अंग हलकं, आणि दोंडाईच्याच्या गाडीचा धूर खावासा वाटणारा गोड. मध्येच भीतीची एक कळ यायची. मामीला आता गुडघे दुखतात, ती कुठेही वळेल. कदाचित दर वर्षी बाया वेगवेगळ्याच वाटेने जात असतील आणि आपल्याला एकच आठवत असेल. माणूस आठवणीला हवं तसं वाकवतो. पायांवर विश्वास किती ठेवायचा? पायांना काय कळतं? मग पुन्हा वाटायचं, पायांना खोटं बोलता येत नाही, त्यांना शब्दच नाहीत. ती मनाशी तेवढ्यातच घुटमळत राहिली, आणि जीप कळमगढीच्या पारापाशी थांबली तेव्हा तिथे रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली होती. टँकर यायचा होता.

तोताराममामा सामोरे आले. विहिरीची जागा त्यांच्याच वावरातली, गावासाठी फुकट दिलेली. खुंटीपाशी त्यांनी नारळही फोडून ठेवला होता. साहेब दिसताच त्यांनी टोपी सारखी केली. "या या. मशीन कव्हा येणार, साहेब?" मग सुगंधाचा चेहरा पाहून जरा थांबले. "काय झालं, भाची?"

तिने सांगितलं. एका दमात, सरळ. नातेवाईक आहे म्हणून गोड करून सांगितलं नाही. मामा ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू कोरडा पडत गेला. "म्हणजे तूच रेघ मारली, आणि आता तूच पुसणार."

"चुकीची असली तर."

"आणि बरोबर असली तं? आठ वर्षं आम्ही अर्ज करतोय. एकदा का विहीर गेली ना, परत नाही येत. मामाच्या गावाचं भलं करायले आलीस का वाटोळं?" आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाईल असं ते बोलले. साहेब टँकरच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. सुगंधाला मान खाली घालावीशी वाटली, पण मांडीवरून उतरलेली गुंडाळी आता तिच्या काखेत होती आणि तिचा कागद घामाने चिकटत होता. "मामा," ती म्हणाली, "मामीला एकदा वाटेने चालू दे. मग तू म्हणशील ते."

बेबामामी ओट्यावर गौराईच्या आराशीचं सामान काढून बसली होती. तिने आधी सुगंधाच्या तोंडावरून हात फिरवला, मग बोटं मोडली, मग ऐकलं, आणि मान हलवली. "आखाजी नही नं. दोन दिन शेतस. आजच कशी चालू?"

"माझ्यासाठी."

"रिकामी घागर लिसन चालता येत नही." मामीने मामांकडे पाहिलं. घरात एकच हंडा भरलेला होता, कालच्या टँकरचा. मामी उठली, हंड्यातून अर्धी घागर भरून घेतली आणि पदर खोचला. मामा म्हणाले, "वत. बठ्ठं पानी मातीमा वत. भाची साहेब व्हयनी, आपण तहानेल मरूत." पण ते मागोमाग आले. मागून अजून दोनचार माणसं आली, रांगेत हंडा ठेवून एक म्हातारी आली, आणि निंबाही जीप सोडून आला.

नाल्यात झिरा आटलेला होता. मामीने त्या कोरड्या झिऱ्याला हात लावून कपाळाला लावला, चुंबळ ठेवली, घागर ठेवली आणि काठ चढून वावरात उतरली. साहेबांनी चित्र लाकडी पाटीवर चिमट्यांनी लावून घेतलं होतं. त्यांच्या एका हातात ते, दुसऱ्या हातात होकायंत्र. सुगंधा मुद्दाम त्यांच्याही मागे राहिली. उन्हाने वावर पांढरं पडलं होतं, कुठे काळं-पांढरं काही दिसत नव्हतं, जमीन सगळीकडे सारखी. ढेकळं फुटत होती. मामीची पावलं जपून पडत होती, गुडघ्याला त्रास होता. ती चालली, चालली, आणि सुगंधाला वाटलं की ती आता सरळच जाणार. मग कोणी खांद्याला धरून फिरवावं तशी मामी वळली. साहेबांनी होकायंत्र पाहिलं, चित्रावर पेन्सिलीने एक ठिपका केला. मामी चालली. वळली. पुन्हा ठिपका. सुगंधाला पुढचं दिसत नव्हतं, तिला साहेबांची मान तेवढी दिसत होती, आणि त्या मानेवरचा घाम. तिसऱ्या वळणाला मामी जास्तच पुढे गेली. साहेबांची पेन्सिल हवेत थांबली. तेवढ्यात मागून ती म्हातारी ओरडली, "ए बेबा, कठे चालनी? तो बांध तुन्हा सासराने मांगून टाकेल शे, तेना पहिले वळाले जोयजे." मामी थबकली, जीभ चावली, चार पावलं मागे आली आणि वळली. साहेबांनी ठिपका केला. मग त्यांनी पहिल्यांदाच मागे वळून सुगंधाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिने इतक्या वर्षांत कार्यालयात कधी पाहिलं नव्हतं. दुकानात बसायचं सोडून दगड गोळा करत नदीकाठी हिंडणारं पोर असं दिसत असेल.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "या बायका वेढा घालणाऱ्यांच्या खंदकातून कशा काय चालतात? गाव तर गढीतल्यांचं."

हा प्रश्न तिला कालपासून पडला होता आणि उत्तर तिला आत्ता, इथे, मामीच्या डोक्यावरच्या घागरीकडे बघताना सुचलं. सुचलं म्हणजे नुसतं दिसलं. फौज कोणाचीही असो, माती खणायला शिपाई कशाला येतो. आसपासच्या गावांतले गडी धरून आणायचे, बिगारीने. दिवसभर खंदकात वाकून खणायचं, समोरून गोळ्या, वरून चैत्र-वैशाखाचं ऊन. आणि त्यांना पाणी कोण देणार? त्यांच्या बाया. नाल्यावर घागर भरायची, आणि चरातून, वाकून, बुरुजाच्या नजरेखालून, जिथपर्यंत माणूस खणत पोचलाय तिथपर्यंत न्यायची. हे कोणी लिहून ठेवलं नसेल. लिहायला होतं कोण. खंदक बुजला, नांगर फिरले, लढाई कोणाची होती ते गाव विसरलं. पाणी न्यायचं तेवढं बायांच्या पायात राहिलं. हे सगळं तिने साहेबांना सांगितलं की मनातच म्हटलं, ते तिला नंतर आठवेना. साहेब म्हणाले, "असू शकतं," आणि जरा वेळाने पुन्हा, "असू शकतं हो."

गढीचा पांढरा चढ जवळ आला होता. शाळेमागच्या काळ्या दगडांवर पोरं घसरगुंडी खेळत होती, त्याच दगडांवरून सुगंधाचेही परकर फाटले होते. इथे पांढरी माती पसरलेली असल्याने चित्रातली रेघ संपत होती, पुढे नुसता उजळ डाग. साहेबांनी पाटी खाली घेतली. मामी मात्र थांबली नाही. ती अजून एकदा वळली, जिथे उपग्रहालाही काही दिसलं नव्हतं, आणि वळता वळता तिने घागर डोक्यावरून उतरवून छातीशी धरली आणि कंबरेत वाकली. तिने मागे पाहिलं. साहेब उंच, ताठ उभे.

"वाका ना, साहेब," मामी म्हणाली. "बुरूज देखी राह्यना."

साहेबांनी समोर पाहिलं. समोर कौलारू शाळा, एक लिंबाचं झाड, आणि आभाळ. मग कार्यालयातला तो उंच माणूस, पाटी पोटाशी धरून, कंबरेत वाकला. निंबा वाकला. म्हातारी आधीच वाकलेली होती, ती आणखी वाकली. तोताराममामा थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तेही वाकले. सुगंधा मान गुडघ्यांकडे वाकवून चालत होती आणि तिला ओल्या मातीचा तो गार वास आला, एकाहत्तर सालचा. डोक्यावरून काहीतरी सूं करून जाईल असं तिला वाटलं, आणि ते गेलं नाही, आणि ती वाचली.

वाकलेल्या साहेबांची नजर आपोआप जमिनीलगत गेली होती. ती चढावरून सरकत शाळेमागच्या काळ्या दगडांवर पोचली आणि तिथेच राहिली. "मॅडम," ते तसेच वाकून म्हणाले, "ते दगड कसले?"

"गढीचा पाया, सर. लहानपणापासून आम्ही..." ती थांबली.

"पायाचे दगड रचलेले असतात. हे रचलेले नाहीत, उभे चिरलेले आहेत." त्यांनी पाटी जमिनीवर ठेवली, गुडघे टेकले आणि भिंग लावलं. पांढऱ्या डागाच्या मधून, केसासारखी, खरोखरच सरळ अशी एक रेघ पूर्वेकडून पश्चिमेला गेली होती. कालही ती तिथे होती. काल दोघांनीही वाकडीच रेघ पाहिली. "आपण माणसाच्या कामाला दगड म्हटलं, आणि दगडाला माणसाचं काम," साहेब म्हणाले, आणि हसायला लागले, आणि हसता हसता एकदम थांबले. "मला सांगा, नाल्यावरून बायांनी घागरी कोणाला नेल्या? बाहेरच्यांना. आत वेढ्यात अडकलेले काय पीत होते?"

सुगंधाला उत्तर द्यावंच लागलं नाही. म्हातारी म्हणाली, "मास्तरना खोलीखाले बुजेल इहीर शे. मन्ही सासू सांगे. तिले तळच नव्हता म्हणे."

तोताराममामांनी आपल्या वावरातल्या खुंटीकडे, मागे, नाल्याच्या बाजूला एकवार पाहिलं. मग ते चढ उतरून गेले. सगळ्यांना वाटलं ते घरी चालले. ते खुंटीपाशी गेले, दोन्ही हातांनी तिला हलवली, उपटली आणि खांद्यावर टाकून परत वर आले. "दाखवा," ते साहेबांना म्हणाले, "कठे ठोकू?"

मामी इतका वेळ शेवटच्या वळणावर घागर छातीशी धरून वाकूनच उभी होती. तिचं कोणाकडेही लक्ष नव्हतं. सुगंधा तिच्याजवळ गेली. दोघींनी मिळून घागर कलती केली. कालच्या टँकरचं पाणी, अर्धी घागर, रांगेत हंडे ठेवून आलेल्यांच्या देखत त्या तापलेल्या मातीवर गेलं. कोणी "आगं आगं" म्हटलं नाही. माती सूं झाली, तिने पाणी आत घेतलं, आणि थोडा वेळ तिथे एक काळा, गोल, ओला ठिपका राहिला.

"पी रे, दादा," मामी म्हणाली.

मग ती सरळ झाली, कंबर धरली, रिकामी घागर काखोटीला मारली आणि नाल्याकडे निघाली, समोरच्या मोकळ्या वावरातून, एका रेघेत.